दूरच्या श्रोत्यांची मैफल

'मैफल' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतील 'महफिल' मराठीत आली आणि तिची 'मैफल' झाली. माणसे जेथे एकत्र जमतात ती जागा, असा या शब्दाचा मूळ अर्थ आहे. गाणारा किंवा वाजवणारा समोर बसतो, ऐकणारे त्याच्याभोवती जमतात आणि मैफल सुरू होते.

अलीकडे मात्र एक वेगळीच मैफल होऊ लागली आहे. वाजवणारे एका शहरात असतात आणि ऐकणारे आपापल्या घरी. कोणी मुंब्र्याला, कोणी कल्याणला, तर कोणी सातासमुद्रांपलीकडे. सभागृहातील खुर्च्या रिकाम्या असतात. श्रोत्यांच्या हातात मोबाइल असतो किंवा समोर संगणक असतो. जिच्या नावातच 'एकत्र जमणे' आहे, ती मैफल अशी दुरून होऊ शकेल का? कोण दूर असले तर चालते आणि कोणाला जवळच बसावे लागते? चेलो आणि पियानो या दोन पाश्चात्त्य वाद्यांच्या मैफलीचे उदाहरण घेऊन आपण हे समजून घेऊ.

दोन वाद्यांची जोडी

चेलो हे दिसायला मोठ्या व्हायोलिनसारखे वाद्य आहे. 'व्हायोलोनचेलो' हे त्याचे पूर्ण नाव. व्हायोलिन खांद्यावर धरतात. चेलो मोठा असल्यामुळे वादक खुर्चीवर बसतो, वाद्य दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभे धरतो आणि तारांवर गज फिरवतो. तुम्ही सारंगी पाहिली असेल, तर गज म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक आहे. चेलोच्या गजालाही घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले असतात. ते तारेवरून नुसते घसरू नयेत म्हणून त्यांवर राळ चोळतात. चेलोला चार तारा असतात. सर्वांत जाड तार एका सेकंदात सुमारे ६५ वेळा कंप पावते, तर सर्वांत बारीक तार २२० वेळा. म्हणून चेलोचा सूर खर्जाकडे झुकलेला, भरदार आणि माणसाच्या आवाजाशी मिळताजुळता वाटतो.

पियानोचा जन्म इटलीतील फ्लॉरेन्स शहरात इ. स. १७०० च्या सुमारास झाला. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने तो तयार केला. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात. पट्टी दाबली की आतील लहानशी हातोडी तारेवर आपटते. या हातोडीवर नमदा बसवलेला असतो. पियानोच्या आत दोनशेहून अधिक तारा लोखंडी चौकटीवर ताणून बसवलेल्या असतात. सभागृहातील मोठ्या पियानोचे वजन सुमारे पाचशे किलो भरते.

ही दोन वाद्ये एकत्र का वाजवतात? पियानोची तार हातोडी बसताच वाजते, पण त्याच क्षणापासून तिचा आवाज कमी होऊ लागतो. चेलोवर मात्र गज फिरत असेपर्यंत सूर टिकतो. तो वाढवताही येतो आणि हळूहळू कमीही करता येतो. उलट पियानोवर दहा बोटांनी अनेक सूर एकाच वेळी उमटवता येतात. चेलोवर हे फारसे जमत नाही. म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. जर्मन संगीतकार बेथोव्हेन याने या जोडीसाठी पाच मोठ्या रचना लिहिल्या. त्यांपैकी पहिल्या दोन १७९६ सालच्या आहेत. या रचनांत कोणी मुख्य आणि कोणी साथीदार असे नसते. दोघे जणू एकमेकांशी बोलत असतात. एकाचे बोलणे संपता संपता दुसऱ्याचे सुरू होते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तिची गरज पडणार आहे.

चेलो आपल्याला वाटतो तितका परका नाही. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत गाण्यामागे वाद्यांचा मोठा समूह वाजत असे. त्यात व्हायोलिनबरोबर चेलोही असत. मुंबईत स्थायिक झालेले अनेक गोमंतकीय वादक ती वाद्ये वाजवीत. म्हणजे नाव ठाऊक नसतानाही तुम्ही चेलो ऐकलेला आहे. अमेरिकेहून आलेल्या नॅन्सी लेश यांनी तर उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकून चेलोवर ध्रुपद वाजवले. उस्तादांचे गुरुकुल पनवेलजवळ पळस्पे येथे होते. आपल्या ठाण्याहून ते फार दूर नाही.

अंतराची अडचण

अशी मैफल प्रत्यक्ष ऐकायची असेल तर कोठे जावे लागते? आपल्या भागात नाट्यगृहे आहेत. ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झाले. डोंबिवलीत सावित्रीबाई फुले यांच्या नावाचे आणि कल्याणात आचार्य अत्रे यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. तेथे मुख्यतः नाटके आणि मराठी-हिंदी गाण्यांचे कार्यक्रम होतात. पाश्चात्त्य संगीताच्या मैफलींचे मोठे ठिकाण म्हणजे मुंबईतील नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र. लोक त्याला 'एनसीपीए' म्हणतात. ही संस्था १९६९ साली स्थापन झाली. भारतीय सिंफनी वाद्यवृंद २००६ साली येथेच उभा राहिला.

कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेचे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे. लोकलने जायला तासाभराहून अधिक वेळ लागतो. पुढे बस किंवा टॅक्सी करावी लागते. मैफल रात्री संपते, आणि मग तोच प्रवास उलट करावा लागतो. तिकिटाचे पैसे वेगळेच. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना हे कसे जमावे? संगीत आवडत नाही म्हणून नव्हे, तर अंतरामुळे आणि खर्चामुळे अनेकजण त्याला मुकतात.

२०२० साली कोरोनाची साथ आली आणि नरिमन पॉइंटजवळ राहणाऱ्यांवरही तीच वेळ आली. मार्च महिन्यात टाळेबंदी झाली. सगळी सभागृहे बंद पडली. गायक, वादक, तबलजी, कव्वाल, बँडवाले या सर्वांचे काम थांबले आणि कमाईही थांबली. त्या दिवसांत एनसीपीएने आपल्या कार्यक्रमांची ध्वनिचित्रमुद्रणे यूट्यूबवरून लोकांना दाखवली. नरिमन पॉइंट आणि कल्याण यांतील अंतर त्या पडद्यावर नाहीसे झाले.

इंग्लंडमध्ये त्याच काळात घडलेली एक गोष्ट आपल्या विषयाला अगदी जुळणारी आहे. नॉटिंगहॅम शहरात कॅने-मेसन नावाचे कुटुंब राहते. त्या घरातील सातही भावंडे वाद्ये वाजवतात. शेकू हा चेलोवादक आणि त्याची मोठी बहीण इसाटा ही पियानोवादक. टाळेबंदीत ही भावंडे घरात बसून वाजवीत आणि जगभरचे लोक ते फेसबुकवरून थेट ऐकत. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये शेकू आणि इसाटा यांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये चेलो आणि पियानोची मैफल केली. या सभागृहात पाच हजारांहून अधिक माणसे बसतात. त्या दिवशी तेथे श्रोते नव्हते. बेथोव्हेन आणि रशियन संगीतकार रखमानिनोव्ह यांच्या रचना त्यांनी रिकाम्या सभागृहात वाजवल्या. लोकांनी त्या रेडिओवर, दूरदर्शन संचावर आणि इंटरनेटवर ऐकल्या.

ही युक्ती जुनीच आहे

दुरून संगीत ऐकण्याची कल्पना इंटरनेटने आणलेली नाही. १८८१ साली पॅरिसमध्ये विजेच्या उपकरणांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे आलेले लोक दोन्ही कानांना टेलिफोन लावून दूरच्या संगीत-नाट्यगृहातील गाणे ऐकत. पुढे रेडिओ आला. १९ मे १९२४ रोजी बीट्रिस हॅरिसन या बाईंनी इंग्लंडमधील आपल्या घराच्या बागेत बसून चेलो वाजवला आणि बीबीसीने तो थेट प्रसारित केला. चेलोच्या सुरांबरोबर बुलबुलासारख्या एका गाणाऱ्या पक्ष्याचा आवाजही श्रोत्यांना ऐकू आला. तो खरा पक्षी होता की कोणी त्याची नक्कल केली, याविषयी आजही चर्चा होते! आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. ज्यांना मैफलीला जाणे शक्य नव्हते, अशा लाखो लोकांनी पुढे रेडिओवरच मोठमोठ्या उस्तादांना ऐकले.

सूर आपल्यापर्यंत कसा येतो?

चेलोची तार कंप पावते. त्या कंपनाने वाद्याचे लाकूड आणि मग आजूबाजूची हवा हलते. हवेतील ही हालचाल मायक्रोफोनच्या पातळ पडद्यावर येऊन धडकते आणि तिचे विजेच्या लहरींत रूपांतर होते. त्यानंतर यंत्र या लहरीची उंची मोजते. किती वेळा? सीडीसाठी ठरलेल्या पद्धतीत एका सेकंदात ४४,१०० वेळा! प्रत्येक मोजणीचा आकडा लिहिला जातो. म्हणजे संगीताचे रूपांतर आकड्यांच्या लांबच लांब रांगेत होते.

दोन कानांसाठी अशा दोन रांगा लागतात. शून्य आणि एक या अंकांत लिहिल्या, तर एका सेकंदाच्या संगीतासाठी चौदा लाखांहून अधिक अंक होतात. एवढे ओझे पाठवणे जड जाते. म्हणून जे बारकावे आपल्या कानाला सहसा जाणवत नाहीत, ते यंत्र गाळते आणि ओझे बरेच हलके करते. उरलेल्या आकड्यांची लहान लहान पुडकी बांधली जातात. ही पुडकी तारांतून आणि काचेच्या बारीक तंतूंतून प्रवास करतात. काही पुडकी लवकर येतात, काही उशिरा. त्यामुळे आवाज तुटू नये म्हणून तुमचा मोबाइल थोडी पुडकी आधी जमवून ठेवतो आणि मगच वाजवू लागतो. म्हणूनच थेट मैफलसुद्धा आपल्याला काही सेकंद उशिराच ऐकू येते.

ऐकणाऱ्याला हा उशीर बाधत नाही. चेलोवादकाने पाच सेकंदांपूर्वी वाजवलेला सूर आत्ता ऐकला, तरी त्याची गोडी कमी होत नाही.

वाजवणारे एका खोलीत का?

मग असे समजा की चेलोवादक ठाण्यात बसला आणि पियानोवादक डोंबिवलीत. दोघांनी इंटरनेटवरून एकत्र वाजवले तर? येथे अडचण येते. एक सोपा प्रयोग करून पाहा. चार मित्रांनी आपापल्या घरून व्हिडिओ कॉलवर यावे आणि पाठ असलेली एखादी कविता एका सुरात म्हणावी. कोणी पुढे जाईल, कोणी मागे राहील आणि सगळा गोंधळ होईल. ज्यांनी टाळेबंदीत मोबाइलवर वर्ग भरवले, त्या शिक्षकांना हा गोंधळ चांगलाच आठवतो.

एकत्र वाजवताना एकाचा सूर दुसऱ्यापर्यंत सेकंदाच्या चाळिसाव्या भागात, म्हणजे साधारण ०.०२५ सेकंदात पोचला, तर लय सांभाळता येते. आवाज हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ०.०२५ सेकंदात साधारण साडेआठ मीटर. आपल्या वर्गखोलीची लांबीही जवळजवळ एवढीच असते. त्याहून फार लांब बसले की लय ढिली पडू लागते.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. ठाणे ते डोंबिवली हे सुमारे १४ किलोमीटरचे अंतर त्याला काहीच नाही. पण आवाज मोजणे, हलका करणे, पुडकी बांधणे, ती सोडवणे या प्रत्येक कामाला थोडा थोडा वेळ लागतो. साध्या व्हिडिओ कॉलमध्ये तो सगळा मिळून सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही अधिक होतो. यंत्रे सुधारून जवळच्या शहरांतील हा उशीर कमी करता येतो. मात्र मुंबई आणि लंडन यांमध्ये सुमारे ७,२०० किलोमीटर अंतर आहे. तेथे यंत्रांना मुळीच वेळ लागला नाही, तरी सरळ तंतूतून जायला प्रकाशालाच ०.०३६ सेकंद लागतील. ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. ती कोणत्याही मोबाइल कंपनीला ओलांडता येणार नाही.

शेकू आणि इसाटा टाळेबंदीतही एकत्र का वाजवू शकले, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. ती भावंडे एकाच घरात राहत होती. इतर वादकांना ही सोय नव्हती. मार्च २०२० मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या वाद्यवृंदाने बेथोव्हेनची एक रचना आपापल्या घरून वाजवून लोकांपुढे आणली. पण ती एकाच वेळी वाजवलेली नव्हती. अशा वेळी प्रत्येकजण आपला भाग वेगळा मुद्रित करतो आणि मग सगळे भाग जोडले जातात. ऐकायला ते सुंदर वाटते, परंतु वादक त्या क्षणी एकमेकांना उत्तर देत नसतात.

काय हरवते?

दुरून ऐकताना काही गोष्टी वाटेतच गळतात. मोबाइलचा ध्वनिक्षेपक बोटाच्या पेराएवढा लहान असतो. चेलोचा ६५ कंपनांचा खर्ज सूर त्यातून जवळजवळ निघतच नाही. तरीही आपण तो ओळखतो. कारण प्रत्येक सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूरही निघत असतात. ते ऐकून आपला मेंदू खालच्या सुराचा अंदाज करतो. मात्र त्याची घनता अंदाजाने मिळत नाही. चांगले इअरफोन लावले, तर ती बरीचशी परत मिळते. घरात कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर आणि बाहेर रिक्षांचे भोंगे असतात, म्हणूनही इअरफोन उपयोगी पडतात. आवाज मात्र बेताचाच ठेवावा. कानाला झालेली इजा सहसा भरून येत नाही.

दुसरी हरवणारी गोष्ट अधिक मोलाची आहे. तिच्यासाठी उर्दूतला आणि मराठीतला शब्द एकच आहे - दाद. मुशायऱ्यात शायर शेर म्हणतो, श्रोते 'वाहवा' करतात, 'मुकर्रर' म्हणून तोच शेर पुन्हा म्हणायला लावतात. त्या दादेने शायराला उभारी येते. आपल्या रागसंगीतातही तसेच आहे. पाश्चात्त्य मैफलीत वादन चालू असताना कोणी बोलत नाही, टाळ्या वाजवत नाही. संपूर्ण रचना संपल्यावरच टाळ्या पडतात. पण श्रोत्यांची शांतता हीसुद्धा दादच असते. पाचशे माणसे श्वास रोखून ऐकत आहेत, हे वादकाला जाणवते. रिकाम्या सभागृहातही शांतताच असते, पण तिच्यात कोणी ऐकत नसते. शेवटचा सूर विरतो आणि टाळी येत नाही. पडद्यावर अंगठ्याची चित्रे उमटतात, पण त्यांचा आवाज होत नाही.

ऐकणाऱ्याचे काम

तर मग या कार्यक्रमाला मैफल म्हणावे का? वाजवणारे एकत्र बसलेले असतील आणि ऐकणारे मनापासून ऐकत असतील, तर जरूर म्हणावे. पहिली अट वादक पाळतात. दुसरी अट आपल्या हातात आहे, आणि तीच अवघड आहे. सभागृहात उठून जायला संकोच वाटतो. मोबाइलवर मात्र एका बोटाने मैफल बंद करता येते. मध्येच संदेश येतो, खेळ खुणावतो आणि पाच मिनिटांत आपण भलतीकडेच पोचतो.

त्यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. एखादी रचना निवडा आणि ती शेवटपर्यंत ऐका. पहिल्यांदा फक्त चेलोकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त पियानोकडे. तिसऱ्यांदा दोघे एकमेकांशी काय बोलतात ते पाहा. घरात एकच मोबाइल असेल, तर भावंडांनी मिळून ऐका. तेवढीच लहानशी मैफल भरेल. आवडले तर वादकांना दोन ओळी लिहा. दुरून दाद द्यायची ती अशीच. फुकट ऐकायला मिळाले म्हणून ते फुकट तयार झाले असे समजू नका. एका तासाच्या वादनामागे वर्षानुवर्षांचा रियाज असतो आणि वादकालाही घर चालवायचे असते.

महाराष्ट्रातील नाट्यगृहे २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडली. आता सभागृहात बसून ऐकणे शक्य झाले आहे आणि घरबसल्या ऐकण्याची सोयही राहिली आहे. जेथे कधी जाता आले नसते, तेथील संगीताची ओळख मोबाइलवर करून घ्या. नंतर संधी मिळेल तेव्हा एकदा तरी प्रत्यक्ष मैफलीला जाऊन बसा. चेलोचा खर्ज सूर लागला की तो कानांबरोबर पायांखालच्या जमिनीलाही कळतो. तो अनुभव मोबाइलवर येत नाही.

स्वाध्याय

१. 'मैफल' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
२. चेलो आणि पियानो एकमेकांची उणीव कशी भरून काढतात?
३. श्रोते दूर असले तरी चालते, पण वादक दूर असून चालत नाही. असे का? तुमच्या शब्दांत लिहा.
४. चार मित्रांसह व्हिडिओ कॉलवर एक कविता एकत्र म्हणून पाहा. काय घडले ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. दाद, रियाज, साज, नमदा, उस्ताद यांसारखे उर्दूत आणि मराठीत वापरले जाणारे आणखी पाच शब्द शोधा.